राज्य नव्हतं, पण न्यायालय होतं: विखुरलेला ज्यू समाज टिकला कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, तेव्हापासून १९४८ पर्यंत ज्यूंना ना स्वतःचं राज्य, ना सैन्य, ना मुलूख. मग एवढ्या काळात हा समाज आजूबाजूच्या लोकांत विरघळून का गेला नाही? आणि 'छळ झाला म्हणून ते एकत्र राहिले' असं सर्रास सांगतात, ते खरं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. स्पेनमध्ये १३९१ साली दंगली उसळल्या तेव्हा जीव वाचवण्यासाठी हजारो ज्यूंनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढच्या शंभर वर्षांत तिथला समाज उभा दुभंगला. म्हणजे छळाने समाज फुटतोही. उलट चीनमधल्या काइफेंगला ज्यूंचा फारसा छळ कधी झालाच नाही. तिथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, ११६३ साली बांधल्याचा शिलालेख आहे. पण बाहेरच्या ज्यू जगाशी त्यांचा संपर्क तुटला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेवटचा रब्बी, म्हणजे धर्मपंडित, गेला, हिब्रू वाचणारं कुणी उरलं नाही आणि समाज मावळला. तेव्हा छळाचं कारण दोन्हीकडून लंगडं पडतं.

माझं उत्तर असं की, या समाजाकडे राज्य नव्हतं तरी राज्याची बरीच कामं करणारी यंत्रणा होती. न्यायनिवाडा, करवसुली, गोरगरिबांना धान्य, ओलिसांची सुटका, आणि हे सगळं जोडणारा पत्रव्यवहार. बाहेरच्या राजांना ही यंत्रणा सोयीची होती म्हणून त्यांनी ती चालू दिली. ज्या दिवशी आधुनिक राज्याला ती नकोशी झाली, त्या दिवशी ती मोडली. हत्याकांडांची यादी पाठ करण्याआधी या समाजाच्या हिशेबाच्या वह्या वाचा, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

एक गैरसमज मात्र वाटेतून बाजूला सारू. मंदिर पडल्यावरच ज्यू जगभर पांगले असं नाही. बॅबिलोनमध्ये ते त्याआधी साडेसहाशे वर्षांपासून होते, अलेक्झांड्रियात आणि खुद्द रोममध्येही मोठी वस्ती होती. मंदिर पडल्याने फरक पडला तो केंद्राचा. यज्ञ आणि पुरोहित गेले, आणि त्यांच्या जागी ग्रंथ आणि पंडित आले. इ. स. २०० च्या सुमारास मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या धर्मनियमांचा संग्रह, सिद्ध झाली. पुढच्या तीन-चार शतकांत तिच्यावरचा खल बॅबिलोनच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, पाठशाळांत वाढत जाऊन तालमूद तयार झाला. यात देवाधर्माइतकीच चर्चा भिंतीच्या वादाची, ठेवीची, मजुरीची, घटस्फोटपत्रातल्या शब्दांची आहे. म्हणजे न्यायाधीशाला लागेल ते सगळं.

या काळातलं एक सूत्र सगळ्यांत महत्त्वाचं. तिसऱ्या शतकात नेहार्देआचा पंडित श्मुएल याने ठरवून टाकलं की 'राज्याचा कायदा हा कायदाच'. इराणच्या सासानी बादशहाचा कर चुकवणं हे ज्यू धर्मशास्त्रानेच गैर ठरलं. वरवर ही शरणागती वाटते, पण व्यवहारात तो सौदा होता. दिवाणी महसूल तुमचा, आणि लग्न, वारसा, धर्मादाय, आपसातले तंटे आमचे. बादशहानेही 'रेश गालूता' नावाच्या ज्यू प्रमुखाला मान्यता दिली. हे पद दावीद राजाच्या वंशात चालतं असं मानलं जाई आणि ते अब्बासी खलिफांच्या बगदादमध्येही टिकलं.

पोलिस नसताना लोक ऐकतात कसे, याचा नमुना पाहायचा तर ९२२ सालचा पंचांगाचा तंटा पाहा. ज्यू पंचांग चांद्र, त्यात आपल्यासारखाच अधिक महिना. वर्षारंभाची अमावास्या दुपारी बाराच्या आत लागते की नंतर, यावर वर्षाची सुरुवात पुढे ढकलायची की नाही हे ठरे. पॅलेस्टाइनच्या पाठशाळेचा प्रमुख बेन मेइर म्हणाला, बारानंतर ६४२ भागांपर्यंत ढकलायची गरज नाही. (तासाचे भाग १०८०, म्हणजे ही सवलत सुमारे ३६ मिनिटांची.) बॅबिलोनवाल्यांना ती मान्य नव्हती. परिणाम असा की त्या वर्षी वल्हांडण सण पॅलेस्टाइनच्या हिशेबाने रविवारी आणि बॅबिलोनच्या हिशेबाने मंगळवारी आला. एकाच गावात एका घरात खमिराची भाकरी वर्ज्य आणि शेजारच्या घरात ती खुशाल खाल्ली जातेय, अशी अवस्था. इजिप्तमधून आलेला तरुण पंडित सादिया याने बॅबिलोनच्या बाजूने पत्रांचा भडिमार केला आणि अखेर त्याच बाजूचं म्हणणं सर्वत्र रूढ झालं. कुणी कुणावर सैन्य पाठवलं नाही. सगळी लढाई कागदावर झाली. सादिया पुढे ९२८ साली सूराच्या पाठशाळेचा गाओन, म्हणजे कुलपती झाला.

आता कैरोकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मध्ययुगातल्या सामान्य माणसाचं जगणं इतकं जवळून दाखवणारा साठा दुसरा क्वचितच असेल. जुन्या कैरोतल्या, म्हणजे फुस्तातमधल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या एका कोठडीत निरुपयोगी झालेले कागद टाकत. देवाचं नाव असलेला कागद जाळायचा किंवा फेकायचा नाही, म्हणून. पण लोक सगळेच कागद टाकत गेले. १८९६-९७ च्या हिवाळ्यात सॉलोमन शेख्टर यांनी त्यातला मोठा भाग केंब्रिजला नेला. तिथे आज सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे आहेत. हुंड्या, लग्नाचे करार, शाळेतल्या पोरांच्या अक्षरांच्या पाट्या, औषधांच्या यादी, भाऊबंदकीची पत्रं. भाषा बहुतेक अरबी, लिपी हिब्रू.

या कागदांत समाजाची यंत्रणा चालताना दिसते. मंगळवारी आणि शुक्रवारी गरिबांना भाकरी वाटत, त्याच्या याद्या आहेत. कुणाला किती भाकऱ्या, कोण आंधळा, कोण परगावाहून आलेली विधवा. न्यायालय बसे आणि साक्षीपुरावे लिहिले जात. व्यापारी हिंदी महासागराच्या सफरीवर निघण्याआधी बायकोला सशर्त घटस्फोटपत्र लिहून देई, म्हणजे अमुक काळात परतलो नाही तर ती मोकळी. नाहीतर प्रेत सापडलं नाही, साक्षीदार नाही, म्हणून ती बाई जन्मभर अडकून पडायची. तालमूद न मानणाऱ्या काराइट पंथाच्या वधूचं आणि रब्बींना मानणाऱ्या वराचं लग्न झालं तर करारातच लिहीत की शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतिदिनाच्या, रात्री तो तिला दिव्याच्या उजेडात बसायला लावणार नाही आणि ती त्याचे सण मोडणार नाही. काराइटांना त्या रात्री दिवा वर्ज्य. पंथ वेगळे, वाद कडाक्याचे, पण करार लिहिणारा कारकून एकच असू शके.

ओलिसांची सुटका हा धर्मादायाचा सगळ्यांत मोठा बोजा. भूमध्य समुद्रात चाचे माणसं धरत आणि ज्यू वस्ती असलेल्या बंदरात आणून सौदा करत. एका माणसाचा ठरलेला भाव ३३⅓ दिनार, म्हणजे तिघांचे शंभर. साधं कुटुंब महिन्याला दोन दिनारांत भागवी, त्यावरून रकमेचा अंदाज करा. ११६८ साली क्रुसेडरांनी इजिप्तमधलं बिल्बैस घेतलं आणि तिथले ज्यू बंदी केले, तेव्हा मायमोनिडीसने गावोगाव पाठवलेलं आवाहन या साठ्यात सापडलं. तत्त्वज्ञ म्हणून ज्याची थोरवी आपण गातो, तो माणूस इथे वर्गणी गोळा करताना दिसतो. आम्ही रात्रंदिवस सिनेगॉगांत, बाजारांत, लोकांच्या दारांत फिरतोय, तुम्हीही हात आखडता घेऊ नका, असा त्याचा सूर आहे. त्याचा धाकटा भाऊ दाऊद पुढे याच हिंदी महासागरात बुडाला, स्वतःचे, भावाचे आणि इतरांचे पैसे घेऊन. त्या धक्क्याने मायमोनिडीस वर्षभर अंथरुणाला खिळला होता.

हे जाळं आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचलेलं होतं. ट्युनिशियाचा अब्राहम बेन यिजू बाराव्या शतकात मंगळूरला सतरा-एक वर्षं राहिला. पितळी भांड्यांचा कारखाना चालवला, बोम्मा नावाचा त्याचा सेवक त्याच्या वतीने एडनपर्यंत व्यवहार करून येई. ऑक्टोबर ११३२ मध्ये त्याने अशू नावाच्या आपल्या दासीला मुक्त केलं, तो दस्त उपलब्ध आहे. मंगळूरला ना सिनेगॉग होतं ना ज्यू न्यायालय, तरी दस्त अगदी नमुन्याबरहुकूम, आणि त्यात अधिकार कुणाचा नोंदवलाय तर बगदादच्या रेश गालूताचा. त्या प्रमुखाला मंगळुरात दमडीचाही वट नव्हता. तरीही असा दस्त फुस्तातला मान्य व्हावा म्हणून ते नाव लागत होतं.

फार गुळगुळीत चित्र मात्र काढू नका. त्याच फुस्तातमधले ज्यू, निकाल विरुद्ध जाईलसा वाटला की सरळ काझीच्या दारी जात. समाजाचे पुढारी त्याला मनाई करत, पण ती मनाई पुन्हा पुन्हा करावी लागे, यातच काय ते आलं.

ख्रिस्ती युरोपात हाच सौदा सनदांच्या रूपात दिसतो. १०८४ मध्ये श्पायरच्या बिशप र्‍यूडिगरने ज्यूंना मुद्दाम बोलावून वसवलं. वस्तीभोवती भिंत बांधून दिली आणि त्यांच्यातले तंटे त्यांच्याच प्रमुखाने सोडवावेत अशी सनद दिली. गावाची शोभा वाढावी हा हेतू त्याने त्यात लिहून ठेवला आहे. बाराच वर्षांनी, १०९६ मध्ये, पहिल्या क्रुसेडच्या जमावाने ऱ्हाइनकाठची गावं लुटली. श्पायरला पुढच्या बिशपने बहुतेकांना वाचवलं, वर्म्स आणि माइंझमध्ये कत्तली झाल्या. सनद देणारा बलवान असेल तोवर सनदेला अर्थ, हे तेव्हाच कळलं होतं. तरीही दुसरा आधार नव्हता म्हणून लोक पुन्हा सनदाच मागत राहिले. इंग्लंडने १२९० मध्ये आणि स्पेनने १४९२ मध्ये हाकलून दिलं, तर पोलंडच्या राजांनी आणि ऑटोमन सुलतानांनी जागा दिली.

आतली शिस्त राखायला हत्यार एकच होतं, ते म्हणजे हेरेम, वाळीत टाकणं. ज्याच्यावर हेरेम आहे त्याच्याशी बोलायचं नाही, व्यवहार करायचा नाही, त्याच्या पोराच्या सुंतेला जायचं नाही. माइंझचा पंडित गेर्शोम (मृत्यू अकराव्या शतकात) याच्या नावावर जे हेरेम चालत आले त्यांत एकापेक्षा जास्त बायका करण्यास मनाई आहे, बायकोच्या संमतीशिवाय घटस्फोट देण्यास मनाई आहे, आणि दुसऱ्याचं पत्र फोडून वाचण्यासही. सारा समाज पत्रांवर चालत असेल तर पत्र फोडणं हा किती मोठा गुन्हा ठरतो ते यावरून समजावं. शिवाय एक चांगली सोय होती. ज्याला न्याय मिळत नाही त्याने सिनेगॉगमध्ये उभं राहून प्रार्थना थांबवायची आणि गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय ती पुढे चालू द्यायची नाही. बायकाही हा हक्क वापरत.

ही यंत्रणा सर्वाधिक वाढली ती पोलंडमध्ये. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून 'चार प्रांतांची परिषद' भरू लागली, लुब्लिन आणि यारोस्लावच्या जत्रांमध्ये. जत्रेत कारण व्यापारी तिथे जमतच असत. राजा साऱ्या ज्यूंवर मिळून एक ठोक डोईपट्टी लावी. ती कोणत्या गावावर किती बसवायची, हे परिषद ठरवी. मग ओघानेच दिवाळखोरीचे नियम, छापखान्यांचे परवाने, पेहरावाच्या उधळपट्टीवर बंधनं, असं सगळं तिच्याकडे आलं. १६४८ च्या, कोसॅक पुढारी खमेल्नित्स्कीच्या बंडात पकडलेली माणसं इस्तंबूलच्या बाजारात विकायला आली तेव्हा व्हेनिस आणि अ‍ॅमस्टरडॅमपर्यंत वर्गण्या गोळा झाल्या. फुस्तातचीच पद्धत, पाचशे वर्षांनी.

मोडलीही ती पैशावरूनच. परिषदेवर आणि गावोगावच्या समाजांवर कर्जाचा डोंगर झाला होता. सावकार कोण, तर पोलिश सरदार आणि ख्रिस्ती मठ. १७६४ मध्ये पोलिश संसदेने ठरवलं की मध्यस्थ नको, माणशी दोन झ्लोटी आपणच घेऊ. परिषद त्याच सपाट्यात बरखास्त झाली.

हेरेमची धार त्याआधीच बोथट होऊ लागली होती. २७ जुलै १६५६ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यू समाजाने पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेल्या, २३ वर्षांच्या स्पिनोझाला वाळीत टाकलं. या प्रसंगावर विचारस्वातंत्र्याच्या अंगाने पुष्कळ लिहिलं जातं. मला त्यात दुसरंच दिसतं. पूर्वी ज्याला समाजाने टाकलं त्याला धर्मांतराशिवाय गत्यंतर नसे, कारण कोणत्याच समाजात नसलेला माणूस ही कल्पनाच नव्हती. स्पिनोझा ख्रिस्ती झाला नाही. भिंगं घासत, मित्रांना पत्रं लिहीत तो राहिला. असं राहता येतं, हे डच शहरांनी शक्य केलं होतं.

फ्रान्सने तर उघडच सांगितलं. २३ डिसेंबर १७८९ रोजी क्लेर्मों-तोनेर संसदेत म्हणाला की राष्ट्र म्हणून ज्यूंना काही देऊ नये, व्यक्ती म्हणून सगळं द्यावं. सप्टेंबर १७९१ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि ज्यू समाजाची न्यायालयं गेली. नेपोलियनने १८०६ मध्ये ज्यू प्रतिनिधींना बारा प्रश्न घातले, त्यांतला दुसराच घटस्फोटाबद्दल होता. दिवाणी न्यायालयाचा निकाल आधी, रब्बीचं पत्र त्यानंतर, असं प्रतिनिधींनी मान्य केलं. श्मुएलचं सूत्र त्यांनी आधाराला घेतलं, पण पूर्वी जे मुद्दाम राखून ठेवलं होतं तेच आता सोडून दिलं. गंमत म्हणजे मेत्झच्या जुन्या समाजाचं कर्ज मात्र सरकारने आपल्या अंगावर घेतलं नाही. समाज कायद्याने अस्तित्वात नाही, पण त्याचं देणं आहे. मेत्झचे ज्यू 'स्वतंत्र नागरिक' म्हणून एकोणिसाव्या शतकातही ते फेडत बसले होते.

रशियात याहून वाईट झालं. झार निकोलस पहिला याने १८२७ मध्ये ज्यूंवर लष्करभरती लादली आणि कुणाची पोरं पाठवायची हे स्थानिक ज्यू कारभाऱ्यांवर सोडलं. वय १२ पासून पुढे, आणि नोकरी पंचवीस वर्षांची, तीही अठराव्या वर्षापासून मोजलेली. कारभाऱ्यांनी आपली आणि पैसेवाल्यांची पोरं वाचवली, विधवांची आणि गरिबांची धरून दिली. त्यासाठी पोरं पकडणारी माणसं पगारावर ठेवली. ज्या यंत्रणेने कधीकाळी ओलीस सोडवले तीच आता मुलं पकडून देऊ लागली. १८४४ मध्ये सरकारने ही कारभारमंडळं कागदावर रद्द केली तेव्हा गरिबांपैकी फार कुणी हळहळलं असेल असं मला वाटत नाही. नाझींनी १९३९ नंतर लादलेल्या ज्यू मंडळांना मात्र काही जण याच परंपरेची पुढची पायरी म्हणतात, ते मला पटत नाही. तिथे सौदाच नव्हता. मारायचं आधीच ठरलेलं होतं.

राहिला कोकण. बेने इस्राएलांचं, म्हणजे इथल्या ज्यूंचं, काय, हे मराठी वाचक विचारणारच. अलिबाग, रेवदंडा, नवगावच्या आसपासचा हा समाज शतकानुशतकं बगदाद-कैरोच्या पत्रव्यवहाराबाहेर होता. तालमूद त्यांच्याकडे नव्हता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. सुंता, 'श्मा'ची प्रार्थना, खाण्यापिण्याचे नियम आणि दारफाळणीच्या सणाचा (योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस) कडक उपास एवढं त्यांनी घट्ट धरलं. तंटे गावच्या रिवाजाप्रमाणे काझी म्हणवणारे त्यांचे प्रमुख सोडवत. छळ नव्हता, तरी काइफेंगसारखं झालं नाही. अठराव्या शतकापासून कोचीनचे ज्यू शिक्षक येऊ लागले, १७९६ मध्ये मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी पहिलं सिनेगॉग बांधलं, आणि जाळ्याशी पुन्हा सांधा जुळला. म्हणजे जाळ्याशिवायही समाज राहू शकतो, हा माझ्या म्हणण्याला अपवाद झाला आणि मी तो मान्य करते. घरातल्या बायकांनी जपलेली चूल आणि शेजाऱ्यांनीच पाळलेली जातीची सीमा, ही त्याची कारणं मला पटतात.

मात्र जाळ्याबाहेर राहिल्याची किंमत पुढे मोजावी लागली. इस्राएलमध्ये लग्न आणि घटस्फोट हे विषय आजही धार्मिक न्यायालयांकडे आहेत. ऑटोमन काळापासूनची ती व्यवस्था ब्रिटिशांनी ठेवली आणि १९५३ च्या कायद्याने ज्यूंपुरती ती पक्की केली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आईकडच्या पिढ्या तपासाव्यात असा आदेश काढला. शंका त्यांच्या श्रद्धेबद्दल नव्हती. कोकणात रब्बींच्या नमुन्याचं घटस्फोटपत्र माहीतच नव्हतं, मग आजी-पणजीचं दुसरं लग्न शास्त्राने वैध होतं का, असा तो प्रश्न होता. त्यावर मोर्चे निघाले, धरणं धरली गेली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला, आणि त्यानंतर रब्बींनी आदेशातून त्यांचं नाव काढलं.